कोरडा चमचा

खंडेराव मार्केटातून राजापुरी आणली, साडेसहा किलो,
नख रुतवलं की चीक लागेल अशी.
इन्स्ट्रुमेंट फिटरचा हात हा,
तीस वर्षं कारखान्याच्या बॉयलरचे आकडे वाचलेला;
किसणीवर पहिल्याच दिवशी सोलला.

वरच्या मजल्यावरच्या रमीलाबेन गच्चीत उभ्या:
"पिळा, पण निचोवून नका काढू, प्रधानभाई,
थोडी दया राखा."
मग मीठ, हळद, दुप्पट साखर,
स्टीलच्या तोपाला वसुधाच्या जुन्या वॉयलचा तुकडा,
सुतळीने आवळलेला.
"आणि पाणीनुं एक टीपुंय नहीं.
चमचो कोरो, हाथ कोरो, मोढुंय कोरुं."
म्हणजे ढवळताना बोलायचं नाही,
असं मी समजलो.

वहीत लिहीत गेलो:
दिवस पहिला, साखर अजून खडा.
दिवस तिसरा, ढग. दुपारी जेमतेम दोन तास ऊन.
दिवस पाचवा, कावळा. फडकं शाबूत.
दिवस आठवा, चिमटीत एक तार. तुटली.
दिवस नववा, तुटली नाही.
जिरेपूड, तिखट, लवंगा. बरणी रमीलाबेनच्या कपाटात,
खाली ओल असते म्हणून.

खरं तर छुंदा केला तो त्यांच्या भिडेखातर.
माझा भरवसा फ्रीझरवर.
मांडवीतल्या धंदा बसलेल्या आइस्क्रीमवाल्याकडून घेतलेला,
आडवा, पांढरा, सरकत्या काचेचा,
एका अंगाला 'केसर पिस्ता' अजून चिकटलेलं.
त्यात केसरचा रस, चव्वेचाळीस पाकिटं,
हवा काढून, सपाट, ऑफिसातल्या फायलींसारखी लावलेली.
उणे अठरा.
रोज चहाच्या आधी काटा बघायचो.
दसऱ्याला दोन पाकिटं, दिवाळीला सहा,
निनाद डिसेंबरात येईल तेव्हा रोज एक.
वसुधा म्हणाली, उन्हाळा गोठवलास ते बरं केलंस,
पण खायचा कधी, तेही वहीत लिहून ठेव.

श्रावणात आजव्याचं पाणी सोडलं.
विश्वामित्री, जी एरवी आम्ही
पुलावरून नाकाला रुमाल लावून ओलांडतो,
रात्री अकराला पार्किंगमध्ये होती,
साडेबाराला उंबऱ्यात.
एकच्या सुमारास तिने फ्रीझर उचलला,
अख्खा,
आणि तो स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीकडे निघाला,
हळू, भिंतींना टेकत,
आतला दिवा विझलेला.

रमीलाबेनकडे आम्ही अकरा माणसं,
शेजारच्या सोसायटीतले शेख मास्तर धरून; त्यांचं मांजर वेगळं.
तीन दिवस वीज नाही.
जिन्याच्या चौथ्या पायरीवर एक मगर,
पोरसवदा, हात-दीड हात लांब,
हनुवटी टेकून पडलेली.
कुणी तिला हाकललं नाही. जाणार कुठे तीही.

खायला होते खाखरे
आणि माझी बरणी, जिच्यावर मीच चिकटवलं होतं:
पुढच्या वैशाखाआधी उघडू नये.
रमीलाबेननी चिठ्ठी वाचली,
झाकणाची सुतळी सोडली,
चमचा पदराला पुसला, एकदा, पुन्हा एकदा,
खाली अख्खी नदी उभी असताना,
आणि पुटपुटल्या, "टीपुंय नहीं."

शेख मास्तर खाऊन म्हणाले, मीठ जरा पुढे गेलंय.
गेलं होतं. नोंद करायला वही हवी होती,
ती खालीच.

पाणी ओसरल्यावर पाकिटं मोजून टाकली.
त्रेचाळीस भरली. एक कुठे गेलं,
विश्वामित्रीलाच ठाऊक.
फ्रीझर भंगारवाल्याने नेला, 'केसर पिस्ता'सकट,
आणि भिंतीवर कमरेइतकी एक रेघ राहिली,
रंगवली तरी पुन्हा वर येते.

बरणीत तळाला दोन बोटं छुंदा आहे अजून.
रंग मधासारखा होत चाललाय. एक लवंग दिसते.
वसुधा बँकेतून येते, पर्स ठेवते,
झाकण फिरवते.
मी काही बोलत नाही.
ती चमचा उजेडात धरून
दोन्ही बाजूंनी दाखवते मला:
बघ. कोरडा आहे.